अणदूरचा ण

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की नळदुर्गजवळ अणदूर लागतं. तुळजापूर तालुक्यातलं खंडोबाचं गाव. काही वर्षांपूर्वी एसटीत बसून मी मोबाइलवर एक नकाशा बघत होते, तर त्यात गावाचं नाव ‘अंदूर’ असं आलेलं. नकाशा जरा सरकवला तर परंडा तालुक्यातल्या अनाळ्याचं ‘अनाला’ झालं होतं आणि भूमकडच्या ईटचं ‘इट’. काय झालं असेल ते लगेच कळलं. कुणीतरी गावांची रोमन लिपीतली यादी घेऊन ती यंत्राकडून देवनागरीत उतरवून घेतली होती. रोमन लिपीत ण आणि न सारखेच, ळ आणि ल सारखेच. यंत्राला अणदूर कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तो नकाशा खुल्या प्रकल्पातला होता. त्यामागची नावं कुणालाही बघता येत होती आणि खातं उघडून दुरुस्तही करता येत होती. उमरग्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत मी तीन अक्षरं बदलली: एक ण, एक ळ, एक दीर्घ ई. त्यासाठी कुणाची शिफारस लागली नाही, अर्ज लागला नाही, प्रोग्रामिंगही लागलं नाही. ही गावं ठाऊक असणं तेवढं लागलं.

धाराशिव जिल्ह्यातल्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहाल का, असं लेखकांनी विचारलं तेव्हा मला आधी ती तीन अक्षरं आठवली. पुढच्या पानांत गिट आहे, लायसन्स आहेत, कमांड आहेत. ते सगळं शिकायलाच हवं, आणि लेखकांनी ते हाताला धरून शिकवलंही आहे. पण सुरुवात कुठून करायची, असं मला दर वेळी विचारलं जातं आणि माझं उत्तर दर वेळी एकच असतं: तुम्हाला पक्कं माहीत आहे आणि सॉफ्टवेअरला माहीत नाही, अशा एखाद्या गोष्टीपासून.

ओपन सोर्स किंवा मुक्तस्रोत म्हणजे ज्याचा मूळ कोड वाचायला, बदलायला आणि बदलून पुन्हा वाटायला परवानगी आहे असं सॉफ्टवेअर. रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्प जाहीर केला. लिनस टॉरवॉल्ड्स या हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची, म्हणजे लिनक्सची, वार्ता जगाला दिली. ‘ओपन सोर्स’ हा शब्द त्यानंतरचा, १९९८ चा. आज तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे. इतिहास एवढा पुरे. पुस्तकात तो सविस्तर आहे.

आपल्याकडच्या माणसाला ही कल्पना समजावून सांगायला मला सावड हा शब्द पुरतो. पेरणीच्या घाईत ज्याच्या दावणीला एकच बैल असतो तो शेजाऱ्याशी सावड करतो. आज तुझं रान, उद्या माझं. हिशेबाची वही नसते, पण कुणी विसरतही नाही. सॉफ्टवेअरच्या सावडीत वही असते आणि ती सगळ्यांसमोर उघडी असते. कुणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ, कशासाठी बदलली, हे गिटमध्ये कायमचं नोंदलेलं राहतं. लायसन्स हा त्या सावडीचा करार. तो आधी वाचावा, हे मी मुलांना परत परत सांगते. कोड इंटरनेटवर उघडा पडलेला दिसला म्हणजे तो वापरायची मुभा मिळाली असं होत नाही. लायसन्स लिहिलेलं नसेल तर हक्क लिहिणाऱ्याचाच. तसंच, एखाद्या कंपनीच्या नकाशावरून गावांची नावं उतरवून ती खुल्या नकाशात भरायची नाहीत. आपल्या पायानं फिरून, डोळ्यांनी पाहून, गावात विचारून भरायची.

केंद्र सरकारनं २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली. तीत महाराष्ट्रातले चार जिल्हे होते: नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपला. मागासलेपणाचा हा शिक्का मुलं मनावर घेतात. ‘मॅडम, माझ्याकडे लॅपटॉप नाही’, ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’, ‘पुण्याची पोरं पुढं गेलीत’. यातली एकही गोष्ट खोटी नाही आणि मी ती उडवून लावणार नाही. लॅपटॉप नसला की कोड लिहिणं खरंच अवघड जातं. पण बर्लिनमध्ये किंवा बंगळुरूमध्ये बसलेल्या हुशार प्रोग्रामरकडे काय नाही, तेही बघा. त्याला अणदूरचा ण माहीत नाही. अणदूरच्या खंडोबाचा मुक्काम वर्षातले काही महिने अणदूरला आणि काही महिने नळदुर्गच्या मैलारपूरला असतो, हेही त्याला माहीत नाही. नकाशात देऊळ कसं दाखवायचं याचे नियम आहेत, देवळाच्या वेळा लिहायची सोय आहे. पण देवच गाव बदलतो हे आपल्याकडच्या माणसाशिवाय कोण लिहिणार?

नकाशावर मी थोडी जास्त रेंगाळणार आहे. आपल्या जिल्ह्यात सुरुवात करायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केला. जगभरची माणसं तो भरतात. रस्ते, ओढे, घरांची छपरं ही बरीचशी उपग्रहाच्या चित्रावरून गिरवता येतात, आणि दूरदेशीचे स्वयंसेवक ती गिरवतातही. पण चित्रात नाव दिसत नाही. शाळा कोणती आणि गोदाम कोणतं, हे छपरावरून कळत नाही. पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली जातो हे उन्हाळ्यात काढलेल्या चित्रात नसतं. स्ट्रीटकम्प्लीट नावाचं एक खुलं ॲप आहे. ते तुम्ही उभे असाल तिथले छोटे छोटे प्रश्न विचारतं: हा रस्ता डांबरी आहे की मातीचा, या इमारतीला मजले किती. साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं. लॅपटॉप नसलेल्या मुलानं गावात एक चक्कर मारली तरी नकाशात भर पडते.

आता सास्तूरचं सांगते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. मी तेव्हा सहावीत होते. उमरग्यात आमची घरं उभी राहिली, पण पुढे कित्येक रात्री आम्ही अंगणातच झोपलो. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आपला जिल्हा, मिळून ५२ गावं पार कोसळली; सरकारी नोंदीतच जवळपास आठ हजार मृत्यू आहेत. किल्लारीचं नाव जगभर गेलं, पण आमच्या बाजूचं सास्तूरही तसंच गेलं. पुढे ती गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, आखलेले चौक, सारखी घरं. जुनी गावठाणं बाभळींत बुडाली.

परदेशातून नकाशा गिरवणाऱ्याला उपग्रहाच्या चित्रात काय दिसतं? एकीकडे आखीव वसाहत, दुसरीकडे झुडपांची ठिगळं. वसाहतीला तो गाव म्हणतो आणि झुडपांना झुडपं. त्याची चूक नाही. पण त्या झुडपांखाली एक गाव होतं, त्याला वेस होती, मारुती होता, तालीम होती, आणि आजही म्हातारी माणसं ‘जुन्या गावात जाऊन येतो’ म्हणतात. उजाड झालेल्या वस्तीची वेगळी नोंद करायची सोय ओपनस्ट्रीटमॅपमध्ये आहे. जुनं गाव कुठं होतं हे बोट ठेवून सांगणारी पिढी अजून आहे. ती कायमची राहणार नाही. लोहारा किंवा उमरगा तालुक्यातल्या एखाद्या मुलीनं आजोबांना दुचाकीवर मागे बसवून जुन्या गावठाणाच्या चार कडा फोनवर टिपल्या, तर तिचं ते योगदान एखाद्या मोठ्या प्रोग्रामच्या हजार ओळींपेक्षा मला मोलाचं वाटेल. हे मी बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. हजार ओळी दुसरं कुणीही लिहू शकतं.

दुसरं उदाहरण जिल्ह्याच्या नावाचं. २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारनं उस्मानाबाद शहराच्या नामांतराला मान्यता दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचं नावही अधिकृतपणे धाराशिव झालं. नाव कोणतं असावं यावर आपल्या घराघरांत मतं आहेत. ती इथं मांडायचं कारण नाही. सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं मात्र हा फार शिकवणारा प्रसंग होता. कितीतरी खुल्या प्रकल्पांत भारतातल्या जिल्ह्यांच्या याद्या असतात. ऑनलाइन फॉर्ममध्ये राज्य निवडलं की खाली जिल्ह्यांची नावं उलगडतात, ती अशाच कुठल्यातरी यादीतून येतात. ती यादी बदलणं हे पहिल्या योगदानासाठी अगदी योग्य काम.

एका विद्यार्थ्यानं असंच काम हाती घेतलं आणि शोधा-बदला करून एका फटक्यात सगळीकडे ‘उस्मानाबाद’चं ‘धाराशिव’ केलं. त्या प्रकल्पात पशुधनाचीही माहिती होती. उस्मानाबादी शेळीचं नावही बदलून गेलं. ती देशभर नावाजलेली जात आहे, तिचं नाव उस्मानाबादीच आहे, आणि पाळणारा तिला त्याच नावानं शोधणार. शिवाय अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं ९३वं अधिवेशन जानेवारी २०२० मध्ये भरलं ते उस्मानाबादला. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला तो उस्मानाबाद जिल्ह्यातून. जुन्या नोंदीतलं नाव पुसलं की नोंदच खोटी होते. आणि ज्या कागदावर जुनं नाव छापलेलं आहे तो कागद घेऊन आलेल्या माणसाला जुन्या नावानं शोधलं तरी आपली नोंद सापडली पाहिजे.

मग करायचं काय? मुख्य नाव नवं ठेवायचं, जुनं नाव पर्यायी नाव म्हणून शेजारी जपायचं, आणि आतला सांकेतिक क्रमांक तोच राहू द्यायचा म्हणजे आधीच्या नोंदी तुटत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जुन्या नावासाठी वेगळा रकाना आहेच. त्या मुलानं बदल मागे घेतला, चार दिवस यादी वाचली आणि मग मोजक्या जागी बदल केला. पहिल्या खेपेला त्याचं काम दहा मिनिटांचं होतं, दुसऱ्या खेपेला चार दिवसांचं. खुल्या प्रकल्पाला दुसऱ्या प्रकारचं काम हवं असतं.

तिसरी जागा आपल्या लिपीची. ॲप हा शब्द मराठीत आज तीन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. ‘ॲ’ हे अक्षर मराठीसाठी म्हणून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरसूचीत, आलं ते २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधी लोक अ घेऊन त्यावर जोडचिन्हानं चंद्र चढवत, किंवा हिंदीच्या वळणाचा ‘ऍ’ वापरत. वाचणाऱ्याला तिन्ही एकच, संगणकाला तीन वेगळे शब्द. म्हणून ‘ॲप’ शोधलं तर ‘अ‍ॅप’ सापडत नाही. ‘वाऱ्यावर’, ‘दुसऱ्या’ यांतला अर्धा र असाच दोन प्रकारांनी टाइप होतो आणि पडद्यावर एकसारखा दिसतो. वर्णक्रमाची गोष्ट वेगळी. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, युनिकोडच्या क्रमांकांत तो ल ला चिकटून बसला आहे. त्यामुळे साधी क्रमवारी लावणारं सॉफ्टवेअर कळंब आधी आणि कसबे तडवळे नंतर असं लावतं. मराठी कोशाच्या क्रमानं ते उलट हवं. शब्दकोश, ग्रंथालयाची यादी, शाळेचा पट, सगळीकडे हा घोळ होतो. तो सोडवणारी काही ओळींची फंक्शनं आणि त्यांच्या चाचण्या लिहिणं, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज झेपणारं काम आहे. मराठी येत नसलेल्या माणसाला मात्र त्यात अडचण आहे हेच दिसत नाही.

हे काम आपण पहिल्यांदा करतोय असं मात्र कुणी समजू नये. मुंबईतून सुरू झालेला इंडलिनक्स, २००४ मध्ये रेड हॅट कंपनीनं खुले केलेले लोहित फाँट, १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया, यांच्यामागे रात्री जागून काम करणारी माणसं होती. मराठी ल आणि श यांची वळणं हिंदीहून वेगळी असतात, ती पडद्यावर मराठीसारखीच दिसली पाहिजेत, हा आग्रह त्यांच्यातल्या काहींनी धरला म्हणून आज आपल्याला तो मुद्दा मांडावा लागत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभ्या केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सपासून लिबरऑफिसपर्यंतचे पाठ मराठीतूनही ऐकता येतात. इंग्रजीची धास्ती असलेल्या मुलांनी हे पुस्तक शेजारी ठेवून तेही बघावेत.

माझी स्वतःची सुरुवात भाषांतरातून झाली. पुण्यात नोकरी लागून वर्षभर झालं होतं. एका खुल्या प्रोग्रामच्या सूचना मराठीत आणायच्या होत्या. एका ओळीत इंग्रजी वाक्य, खाली मराठीसाठी रिकामी जागा, अशी शेकडो वाक्यांची फाइल. मला वाटलं, आपलं मराठी चांगलं आहे, दोन रविवारांचं काम. इंग्रजी वाक्यांत अधूनमधून टक्क्याचं चिन्ह आणि त्याला जोडून एक अक्षर येई. प्रोग्राम चालताना त्या जागी फाइलचं नाव बसतं. एका वाक्यात ते चिन्ह मला अनावश्यक वाटलं आणि मी गाळलं. ‘फाइल सापडली नाही’ असा संदेश येऊ लागला, पण कोणती फाइल ते दिसेना. चूक दाखवली ती मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या, दुसऱ्या देशातल्या माणसानं. त्याला वाक्य वाचता येत नव्हतं, पण चिन्ह गळलंय हे दिसलं. त्यानं दोन ओळींत सांगितलं, मी दुरुस्त केलं, आणि त्या दिवसापासून पाठवण्याआधी तपासायची सवय लागली ती आजवर आहे.

त्याच फाइलनं मला माझ्या भाषेचं व्याकरण नव्यानं दाखवलं. इंग्रजीत गावाच्या नावापुढे शब्द ठेवला की काम भागतं. मराठीत नावाचं सामान्यरूप होतं: उमरगा, पण उमरग्यात, परंडा, पण परंड्याहून, तुळजापूर, पण तुळजापुरात. प्रोग्राम नाव आणि प्रत्यय शेजारी ठेवून ‘उमरगा त’ असं लिहितो. वाचणाऱ्याला ते परकं वाटतं आणि तो भाषा बदलून इंग्रजी करून टाकतो. मराठी इंटरफेस कुणी वापरत नाही अशी तक्रार मी फार ऐकली आहे. तिचं एक कारण हे आहे. उपाय अवघड नाही. वाक्यच असं बांधायचं की नावाला प्रत्यय लागणार नाही: ‘ठिकाण: उमरगा’. पण हा उपाय सुचायला मराठी बोलणारा माणूस त्या कामात असावा लागतो. आवाजाचंही तेच. मोझिलाच्या कॉमन व्हॉइस प्रकल्पात मराठी वाक्यं वाचून आपला आवाज देता येतो. तो संग्रह खुला असतो आणि त्यावर यंत्रं बोललेलं ओळखायला शिकतात. तिथं आपल्या मराठवाडी हेलाचे, कन्नड-दखनीच्या शेजारात वाढलेले आवाज पोचले नाहीत, तर उद्याचं यंत्र आपल्या आजीचं बोलणं ओळखणार नाही. फोन आणि अर्धा तास, एवढंच लागतं.

आता प्रत्यक्ष रीत. आधी ते सॉफ्टवेअर स्वतः वापरा. न वापरलेल्या गोष्टीत सुधारणा सुचवायला जाऊ नका. मग प्रकल्पाचं रीडमी, म्हणजे ओळख करून देणारी फाइल, वाचा, योगदानाचे नियम लिहिलेली फाइल वाचा. दोष दिसला की तो आधीच कुणी नोंदवला आहे का बघा. नसेल तर इश्यू लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणत्या फोनवर किंवा कोणत्या आवृत्तीत. चांगला लिहिलेला इश्यू हेच मोठं योगदान असतं. नवख्यांसाठी राखून ठेवलेल्या कामांवर पुष्कळ प्रकल्प ‘गुड फर्स्ट इश्यू’ अशी चिठ्ठी लावतात, तीही बघा. मग प्रकल्पाची स्वतःची प्रत घ्यायची, म्हणजे फोर्क. त्यात वेगळी ब्रँच काढायची. बदल करून तो कमिट करायचा, म्हणजे नोंदवायचा. आणि मूळ प्रकल्पाला विनंती पाठवायची, म्हणजे पुल रिक्वेस्ट. एका विनंतीत एकच काम. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. ‘हे नाव चुकलं आहे, मी या गावचा आहे, बरोबर नाव हे’ एवढं तीन छोट्या वाक्यांत कुणालाही लिहिता येतं.

त्यानंतर थांबायचं. इथंच बहुतेक मुलं सोडून जातात. मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा माणूस, बहुधा स्वतःची नोकरी करून उरलेल्या वेळात हे बघत असतो. आठवडा जाईल, महिना जाईल. मग उत्तर येतं आणि त्यात चार हरकती असतात.

तेर आपल्या जिल्ह्यात आहे, म्हणून गोरोबाकाकांची गोष्ट सांगण्याचा मला हक्क आहे. संतमेळ्यात मुक्ताबाईंनी काकांच्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कशासाठी? कच्चं मडकं कोणतं आणि पक्कं कोणतं ते पारखायला, असं काका म्हणाले, आणि थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर मारत गेले. सगळे शांत बसले. नामदेव चिडले, आणि मडकं कच्चं ठरलं. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पुढचा भाग असा की नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, शिकले, आणि नामदेव झाले. रिव्ह्यूचं, म्हणजे तपासणीचं, थापटणं पडतं तेव्हा मला ही गोष्ट आठवते. मेंटेनर तुमच्या कोडवर थापटणं मारतो, कारण ते मडकं उद्या हजारो लोकांच्या पाण्याला लागणार असतं. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. तो घालणाऱ्यानं दोन वर्षांहून अधिक काळ उपयोगी बदल पाठवून विश्वास मिळवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यानं त्याचा माग काढला, म्हणून जग वाचलं. अनोळखी माणसाच्या बदलाला कुणी दहा प्रश्न विचारत असेल तर त्यामागे असे अनुभव असतात. राग धरू नका, उत्तर द्या.

एक कडवट गोष्टही सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाच्या उपक्रमात ठरावीक संख्येनं पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. एका व्हिडिओत बघून हजारोंनी रीडमीमध्ये एखादं विशेषण घुसवून विनंत्या पाठवल्या. मेंटेनर हैराण झाले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक्सप्रेस या जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकल्पावर पुन्हा तसंच झालं: शिकवणीत दाखवलेला नमुना बघून विद्यार्थी आपापलं नाव त्याच्या रीडमीमध्ये लिहून पाठवू लागले. दोन्ही वेळा त्या गर्दीत आपल्या देशातली मुलं फार होती. मला याचं दुःख आहे, कारण त्या मुलांना कुणी नीट सांगितलं नव्हतं. आता यंत्राकडून लिहून घेतलेले, न वाचलेले बदल आणि दोषांचे खोटे अहवाल यांची भर पडली आहे. कर्ल या प्रकल्पाचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी त्याबद्दल वारंवार उघडपणे तक्रार केली आहे. यंत्राची मदत घ्या, पण ज्या ओळीचा अर्थ तुम्हाला सांगता येत नाही ती पाठवू नका. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत आणून जमा करायची जी रीत आपल्याकडे मुरली आहे ती इथं आणू नका. इथं वही उघडी असते आणि ती पुसता येत नाही.

पैशाबद्दल घरचे विचारतात, आणि विचारलंच पाहिजे. बहुतेक योगदानाला पैसे मिळत नाहीत. मिळतील असं सांगून कुणी क्लास विकत असेल तर घेऊ नका. मिळणाऱ्या वाटाही आहेत. गुगल समर ऑफ कोड २००५ पासून आहे आणि २०२२ पासून त्याला विद्यार्थी असण्याची अट नाही. आउटरीची ही घरबसल्या करायची तीन महिन्यांची इंटर्नशिप आहे, तिचं मानधन सात हजार डॉलर आहे, आणि ज्यांना या क्षेत्रात सहसा जागा मिळत नाही त्यांच्यासाठीच ती आहे. आपल्या मुलींनी तिचा विचार जरूर करावा. मुंबईत २००८ मध्ये सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीनं ईआरपीनेक्स्ट हे हिशेबाचं आणि कारभाराचं खुलं सॉफ्टवेअर लिहिलं, ते आज अनेक देशांत चालतं. अशा कंपन्या माणूस घेताना त्याचं केलेलं काम उघडून बघतात. तिथं कॉलेज कोणत्या गावचं आहे हा प्रश्न मागे पडतो. हे मी स्वतः उमेदवार निवडायला बसले तेव्हा अनुभवलं आहे.

हे पुस्तक सलग वाचायचं नाही. दुसऱ्या प्रकरणापर्यंत वाचा, मग पुस्तक मिटून एक दुरुस्ती करा, मग पुढे वाचा. आठ तालुक्यांतल्या प्रत्येक गावानं एक माणूस दिला तरी जिल्ह्याचा नकाशा वर्षभरात नावानिशी पुरा होईल. आज घरी गेलात की फोनवर खुला नकाशा उघडा आणि आपलं गाव शोधा. नाव बरोबर आहे का बघा. शेजारच्या वाडीचं आहे का बघा. ज्या वस्तीला नावच नाही तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारा, आणि ती जे नाव सांगेल ते तिच्याच उच्चाराप्रमाणे लिहा.